एक मत वगळता एकमताने

पेण आणि रोहा या दोन नगरपालिकांच्या सर्वसाधारण सभांच्या बातम्या काही वर्षं मी देत होतो. महिन्यातून एक सभा पेणला, एक रोह्याला. दोन्हीकडे सभागृह पहिल्या मजल्यावर होतं, दोन्हीकडे भिंतीलगत पत्रकारांसाठी एक बाक होतं आणि त्या बाकावर बहुतेक वेळा मी एकटाच असे. पत्रकाराने सभेत बोलायचं नाही असा नियम होता. तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

दोन्हीकडे ठराव एकमताने मंजूर होत. गटारावर फरशा टाकण्याचा ठराव, कोंडवाड्याला दार बसवण्याचा ठराव, गणपतीच्या आधी रस्त्यातले खड्डे बुजवण्याचा ठराव, सगळे एकमताने. कारकून विषय वाची, अध्यक्ष विचारत, 'मंजूर?' समोरून आवाज येई, 'मंजूर.' तो आवाज किती जणांचा आहे हे कोणी मोजत नसे. मीही मोजत नसे. हे पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बातमी पाकिटात घालून मी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हातात देत असे. वडखळला ते पाकीट अलिबागच्या गाडीत चढे आणि संध्याकाळपर्यंत प्रेसमध्ये पोचे. दैनिक चार पानी होतं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हाताने जुळवून छपाई होई. पेणच्या सभेला अर्धा कॉलम मिळे, रोह्याच्या सभेलाही अर्धाच. त्यामुळे एका ठरावाला एक वाक्य, असा हिशेब मी ठेवला होता.

पेणच्या नगरपालिकेत सभेचं काम पाहणारा कारकून घाटावरचा होता. अक्षर मोत्यासारखं, पण वेगाने लिहिणं त्याला जमत नसे. सभा चालू असताना तो पेन हातात धरून बसे आणि सदस्य बोलायला लागले की त्यांच्याकडे आदराने पाहत राही. इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं याची अधिकृत नोंद, तो दोन दिवसांनी लिही. आमचा पेपर आला की तो समोर ठेवून लिही. हे मला माहीत होतं आणि त्यात मला थोडा अभिमानही होता. माझ्या बातमीत विषयांचा क्रम आणि आकडे बरोबर असत, कारण ते मी त्याच्या विषयपत्रिकेतून घेत असे. त्याचं इतिवृत्त बरोबर असे, कारण ते तो माझ्या बातमीतून घेत असे. या व्यवस्थेत दोघांचाही वेळ वाचत होता.

त्या वेळी पेणच्या सभागृहात सोळा सदस्य होते आणि त्यांत एक बाई. खाडीकडच्या वॉर्डातून ती निवडून आली होती. वय पस्तिशीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. हंगामात ती स्वतः मिठागरावर कामाला जाई. निवडून आल्यावरही जात राहिली, फक्त सभेच्या दिवशी खाडा करी. वॉर्डातल्या बायका तिला मेंबरीण म्हणत. पहिल्या पाच-सहा सभांत ती काही बोलली नाही. 'मंजूर' म्हणायच्या वेळी तिचे ओठ हलत की नाही, हे माझ्या बाकावरून दिसत नसे.

मग पाण्याचा विषय आला.

टाकीतून एका वेळी एकच लाइन सोडता येई. पहाटे पाचला खाडीकडच्या वॉर्डात पाणी यायचं आणि दहाला बाजारपेठेत. बाजारपेठेचं म्हणणं असं, की दहा म्हणजे दुकान उघडायची वेळ, तेव्हा नळाखाली बादली कोण धरणार? ते खोटं नव्हतं. ठराव असा होता, की वेळांची अदलाबदल करावी: बाजारपेठेला पहाटे पाच, खाडीकडे सकाळी दहा. कारकुनाने तो नेहमीच्या सुरात वाचला.

'मंजूर?' अध्यक्षांनी विचारलं.

'मंजूर.'

'नाय,' ती म्हणाली.

अध्यक्ष पुढच्या विषयाचा कागद उचलत होते. तो त्यांनी खाली ठेवला. 'काय म्हणालात, बाई?'

'नाय.'

'नाय म्हणजे?'

'नाय म्हंजे नाय. धा वाजता आमच्या आलीत कोन असतंय? सगल्या बाया मिठागरावर. पानी काय कुत्री भरनार?'

मागच्या रांगेतून एक सदस्य म्हणाला, 'शिकवून ठेवा की कुत्री.'

'तुमच्या वार्डातली शिकलेली हायत ना, ती धाडा,' तिने मागे न बघता सांगितलं. सभागृह हसलं. ज्याला उत्तर मिळालं तोही हसला.

अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते, त्यांना फक्त सवय नव्हती. 'म्हणजे विरोध आहे असं समजायचं?'

'व्हय.'

'एकट्या तुमचा?'

'दुसऱ्याचं मला काय ठावं? माजा हाय.'

कारकुनाने वहीकडे पाहिलं. वहीत सूचकाच्या नावाला जागा होती, अनुमोदकाच्या नावाला जागा होती. विरोधकाच्या नावाला जागा नव्हती. त्याने काही वेळ पेन धरून ठेवलं, मग टोपण लावलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. तो रस्त्यावरच्या दिव्यांचा होता आणि एकमताने मंजूर झाला.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. पाण्याच्या ठरावाचं वाक्य असं होतं: 'पाणी सोडण्याच्या वेळांत अदलाबदल करण्याचा ठराव पंधरा विरुद्ध एका मताने मंजूर करण्यात आला.' ते एक मत कोणाचं हे मी लिहिलं नाही. एका ठरावाला एक वाक्य. ते वाक्य मला पुरेसं वाटलं होतं.

पेपर आला त्या दिवशी मी रोह्याच्या सभेला गेलो होतो. दुपारी गाडीतून पेणच्या स्टँडवर उतरलो तर ती उभी होती. हातात आमचा पेपर, चार घड्या घातलेला.

'भाऊ, मी सभेत काय बोलले?'

'तुम्ही "नाय" म्हणालात.'

'मंग हे काय लिवलंय?'

मी वाचलं. 'पाणी सोडण्याच्या वेळांत अदलाबदल करण्याचा ठराव एकमताने मंजूर करण्यात आला.'

'हे मी लिहिलेलं नाही,' मी म्हणालो.

'वर पेणच्या वार्ताहराकडून असं हाय. पेणचा वार्ताहर दुसरा कोन हाय?'

दुसरा कोणी नव्हता.

'सकाली चायच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं,' ती म्हणाली. 'आता सगला वार्ड बोलतो, मेंबरीण आमच्यासमोर नाय नाय बोलते आनि वर जाऊन मंजूर करते. माजी सासू पन बोलते. घरात निवडनुकीत एकच मानूस माज्या बाजूचं होतं, ती.'

मी सांगितलं की छपाईत चूक झाली आहे, उद्याच दुरुस्ती करून घेतो. ती म्हणाली, 'उद्या का? पेपर तर रोज येतो.' मी पुन्हा उद्या म्हणालो. दुरुस्तीला साडेपाच आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला प्रेसमध्ये गेलो. खिळे जुळवणारा जुळारी वयस्क होता, चष्मा कपाळावर ठेवून काम करायचा. माझा कागद अजून त्याच्या टेबलावरच्या तारेला टोचलेला होता. त्यात 'पंधरा विरुद्ध एका मताने' स्पष्ट होतं.

'हे कुठे गेलं?' मी विचारलं.

त्याने टेबलाच्या खणातून एक ओळ काढून दाखवली. शिशाचे खिळे जुळवून दोरीने घट्ट बांधून ठेवलेली, कडा काळ्या पडलेली ओळ. आरशात दिसावी तशी उलटी अक्षरं होती: 'ठराव एकमताने मंजूर करण्यात आला.'

'तुमच्या पेणला लागते, रोह्याला लागते, सगळ्यांना लागते,' तो म्हणाला. 'दर वेळी कोण जुळवणार? बांधूनच ठेवलीय. तुमच्या कागदावर "ठराव", "मताने मंजूर" दिसलं, मी उचलून बसवली.'

'आणि "पंधरा विरुद्ध" ते?'

'ते मी जुळवलं होतं आधी. मग वाचून बघितलं. "ठराव पंधरा विरुद्ध एकमताने मंजूर." असं कुठे मराठी असतं का? म्हणून पंधरा विरुद्ध काढून टाकलं.'

त्याने बातमी व्याकरणदृष्ट्या सुधारली होती.

संपादक आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'चूक आपली आहे,' ते म्हणाले. 'पण नगरपालिकेच्या ठरावाची दुरुस्ती आपण आपल्या मनाने छापायची नाही. इतिवृत्ताची नक्कल आणा. त्यात पंधरा विरुद्ध एक असेल तर उद्याच छापतो.'

मी पेणला परत आलो आणि कारकुनाकडे गेलो.

'इतिवृत्त तयार आहे,' तो म्हणाला. 'कालच लिहून काढलं.' त्याने वही उघडली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: एकमताने मंजूर.

'हे कशावरून लिहिलंत?'

त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. 'तुमच्यावरूनच की.'

'पण तुम्ही सभेत होता. तुम्ही ऐकलंत.'

'मी ऐकलं. पण ऐकलेलं दप्तरात येत नाही. लिहिलेलं येतं. पेपरात दुरुस्ती येऊ दे, मी लगेच खोडून नवीन लिहितो.'

'पेपरवाले म्हणतात, आधी इतिवृत्त दाखवा.'

त्याने विचार केला. 'त्यांचंही बरोबर आहे,' तो म्हणाला.

मी माझी वही पुढे केली. सभेत मी पेन्सिलीने टिपणं काढत असे. त्याने ती हातात घेतली नाही. 'तुमची वही म्हणजे दप्तर नव्हे, साहेब.' मग मला बरं वाटावं म्हणून त्याने मार्ग सांगितला: पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथे बाईंनी हरकत घ्यावी. कायम होण्याआधी दुरुस्त करता येतं. एकदा कायम झालं की मग ते झालं.

पुढची सभा महिन्यावर होती. पाण्याची नवी वेळ मात्र सोमवारपासून सुरू झाली.

मंगळवारी पहाटे मिठागरावर जाणाऱ्या बायकांनी आपापले रिकामे हंडे डोक्यावर घेतले आणि मेंबरणीच्या दारात नेऊन ठेवले. त्यांच्यातल्या एकीने हाक मारून सांगितलं, 'मंजूर तू केलंस गो, आता भर पन तूच.' बाकीच्या हंडे ठेवून गेल्या.

हे मी ऐकलं आणि बुधवारी स्वतः जाऊन पाहिलं. बातमी म्हणून नव्हे, बातमी देता येण्यासारखी नव्हती. हंडे, कळश्या, एक प्लास्टिकचा डबा. दारापासून वळणापर्यंत रांग होती. मी मोजले: एकेचाळीस. सार्वजनिक नळ तिच्या घरापासून सत्तर पावलांवर होता. दहाला पाणी आलं. ती आणि तिची सासू भरत होत्या. सासू भरताना बोलत होती आणि सून भरताना गप्प होती. पाणी सव्वाअकराला गेलं तेव्हा नऊ हंडे रिकामे राहिले. रिकामा राहिलेला हंडा ज्या बाईचा असे, ती संध्याकाळी येऊन त्याबद्दल बोलून जात असे.

'यांना सांगा ना, की तुम्ही नाय म्हणालात,' मी म्हणालो.

'सांगितलं. त्या बोलतात, पेपरात दाखव.'

मिठाचा हंगाम भर होता आणि ती कामावर जात नव्हती. तिच्या जागी मुकादमाने दुसरी बाई घेतली. हे तिने मला सांगितलं नाही, त्या दुसऱ्या बाईने सांगितलं. तिचा स्वतःचा हंडाही रांगेत होताच.

पुढच्या सभेला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. कारकुनाने मागील सभेचं इतिवृत्त वाचायला सुरुवात केली. इतिवृत्त वाचताना तो नेहमी वेग वाढवी. पाण्याच्या ठरावावरून तो पुढे गेला, दिव्यांच्या ठरावावर आला, संपवलं.

'कायम?' अध्यक्षांनी विचारलं.

'कायम.'

'नाय,' ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. 'बाई, हा ठराव नाही. हे झालेलं आहे. झालेल्याला नाय कसं म्हणणार?'

'झालं तसं लिवलं नाय, म्हनून नाय. पान्याच्या ठरावाला मी नाय बोलले. तुमी इचारलंत, नाय म्हंजे? मी बोलले, नाय म्हंजे नाय. हितं सगल्यांनी आयकलं.' ती मागे वळली. 'कुत्र्यांचं कोन बोललं होतं? तुमीच ना?'

मागच्या रांगेतला सदस्य म्हणाला की कुत्र्यांचं आपल्याला आठवतं, पण ते ठरावाच्या आधी की नंतर हे आठवत नाही.

'दप्तरात एकमताने आहे,' कारकून हळूच म्हणाला. 'आणि पेपरातही तसंच आहे.'

'पेपरवाला हितं बसलाय,' ती म्हणाली. 'त्याच्या वहीत हाय. इचारा त्याला.'

'पत्रकारांना सभेत बोलता येत नाही,' अध्यक्ष म्हणाले.

'बोलू नको दे. वही वाचा.'

यावर चर्चा झाली. एका वकील सदस्याने मत दिलं, की पत्रकाराने बोलण्यास मनाई आहे, पत्रकाराची वही वाचण्यास मनाई असल्याचं कुठे दिसत नाही. मला वही पुढे देण्यास सांगण्यात आलं. मी दिली. हव्या तेवढ्याच ओळींवर खूण करून द्यायचं मला सुचलं नाही. नियमाप्रमाणे मला काही सांगताही येत नव्हतं.

कारकुनाने पान शोधलं आणि उभा राहून वाचायला लागला. त्याच्या हातात आलेला प्रत्येक कागद तो एकाच सुरात आणि पूर्ण वाचत असे.

'विषय सात. पाण्याच्या वेळा. अध्यक्ष, मंजूर? समोरून, मंजूर. खाडीकडच्या सदस्या, नाय. अध्यक्ष, नाय म्हणजे? त्या, नाय म्हणजे नाय. कुत्र्यांविषयी बोलणं. विरोध आहे असं समजायचं? होय.'

ती खुर्चीत मागे टेकून बसली. कारकून थांबला नाही, कारण पान संपलं नव्हतं.

'चहा आला. भजी थंड. खिडकीजवळचे दोघे सदस्य झोपलेले, विषय पाचपासून. तिसरे एक सदस्य पान खायला खाली गेले, विषय सहा, अजून वर नाहीत. अध्यक्ष घड्याळ बघतात. पंधरा विरुद्ध एक.'

मग वकील सदस्य म्हणाला, 'सोळातून दोघे झोपलेले, एक खाली. मग पंधरा कुठून आले?'

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पंधरा आले होते सोळातून एक वजा करून. जुळाऱ्याने माझं वाक्य बदललं म्हणून मी अलिबागपर्यंत गेलो होतो, आणि ते वाक्य मूळचंच चुकीचं होतं. बरोबर आकडा बारा होता. मला बोलता येत नव्हतं, हे एका परीने बरं झालं.

खिडकीजवळच्या दोघांपैकी एक म्हणाला की डोळे मिटले म्हणजे माणूस झोपला असं होत नाही. दुसरा त्या वेळीही काही बोलला नाही. पान खाणारे सदस्य म्हणाले, की खालूनही आपला पाठिंबाच होता.

अध्यक्षांना अडचण कळली. बाईंची हरकत मान्य करायची तर आकडा लिहावा लागणार, आणि आकडा लिहायचा तर झोपेचा विषय दप्तरात येणार. त्यांनी कारकुनाला जवळ बोलावलं. दोघं थोडा वेळ कुजबुजले. मग अध्यक्षांनी उभं राहून दुरुस्ती सांगितली आणि कारकुनाने ती जुन्या ओळीवर रेघ मारून आपल्या सुंदर अक्षरात लिहिली: 'सदर ठराव खाडीकडील वॉर्डाच्या सदस्यांचे एक मत वगळता एकमताने मंजूर.'

'चालेल ना, बाई?'

'माजं नाय आलं ना त्यात?'

'आलं.'

'मंग चालेल.'

इतिवृत्त कायम झालं. एकमताने.

नक्कल मिळायला आठ दिवस गेले. ती घेऊन मी प्रेसमध्ये गेलो. संपादकांनी वाचली, 'एक मत वगळता एकमताने' याखाली बोट ठेवलं आणि मग काही न विचारता सही केली. जुळारी मात्र विचारात पडला. त्याच्याकडे असं काही बांधून ठेवलेलं नव्हतं. शेवटी त्याने जुन्या ओळीची दोरी सोडली, 'ठराव'च्या पुढे जागा केली आणि 'एक मत वगळता' जुळवून मध्ये घातलं. दुरुस्ती दुसऱ्या पानावर तीन ओळींत आली. तिच्या वॉर्डाचा उल्लेख या वेळी मी केला होता.

त्या सकाळी टपरीवर पुन्हा मोठ्याने वाचन झालं. बायका मिठागरावरून परतल्यावर तिने तो पेपर नळावर नेला. तेव्हा मी तिथे होतो.

'हे बघा. एक मत वगलता. ते एक म्हंजे मी.'

पहिल्या दिवशी हाक मारून बोललेली बाई म्हणाली, 'मंग आता पानी कवा येनार?'

'धालाच.'

'मंग नाय बोलून काय झालं गो?'

'माज्या दारात हंडं ठेवायचं बंद, ते झालं.'

बाईने ते मान्य केलं. मग तिने पेपर हातात घेतला. वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही, पण ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. 'हिला सोडून बाकी सगल्यांनी मंजूर केलं, असंच लिवलंय ना?' तिने मला विचारलं.

मी हो म्हणालो. छापलेलं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेंबरणीच्या दारात एकही हंडा नव्हता. बायकांनी वाट वाकडी करून हंडे गावात नेले होते. बाकीच्या पंधरा सदस्यांच्या दारांत दोन-दोन, तीन-तीन, आणि अध्यक्षांच्या दारात सहा. गावात पहाटे पाचला पाणी येतच होतं, तेव्हा भरायला अडचण नव्हती. दुपारी मिठागरावरून परत येताना बायका आपापले हंडे घेऊन जाणार होत्या. कोणाच्या दारात कोणी भांडण केलं नाही. फक्त सांगितलं, 'मंजूर केलंत ना, मंग भरा.'

सदस्यांच्या घरचं पाणी सदस्य भरत नसत. ते त्यांच्या बायका भरत. त्यामुळे या विषयावर घरोघरी चर्चा झाली. तिचा वृत्तांत माझ्याकडे नाही, पण चौथ्या दिवशी खिडकीजवळ झोपणारे एक सदस्य माझ्या घरी आले.

'तुमच्या वहीत मी झोपलेला आहे ना?'

'आहे.'

'म्हणजे मी मंजूर म्हटलेलं नाही.'

'तसं म्हणता येईल.'

'मग तसं पेपरात द्या.'

मी सांगितलं की बातमी जुनी झाली.

'मग निदान एक चिठ्ठी लिहून द्या. सभेत झोपलो होतो अशी. दारात चिकटवतो.'

त्याच संध्याकाळी दुसरे झोपलेले सदस्यही येऊन गेले. पान खाणाऱ्या सदस्यांनी माझ्याकडे न येता थेट दारातल्या बायकांना सांगून पाहिलं, की आपण त्या वेळी सभागृहात नव्हतोच, खाली पान खात होतो. त्यांना मिळालेलं उत्तर त्यांनीच नंतर मला हसत सांगितलं: 'मंग आता पान खात खात भरा.'

मी चिठ्ठी कोणालाच दिली नाही. माझी वही दप्तर नव्हती.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी स्वतःच विषय आणला. मिठाचा हंगाम संपेपर्यंत खाडीकडच्या वॉर्डाला पूर्वीप्रमाणे पहाटे पाचला पाणी सोडावं, पावसाळ्यात बाजारपेठेला. ही गोष्ट पहिल्याच सभेत सुचण्यासारखी होती. तशी ती कोणाला सुचली नव्हती, मलाही नाही.

'मंजूर?'

या वेळी मी मोजलं. सोळा हजर, सोळा जागे. ती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. मी लिहिलं, 'एकमताने', आणि कंसात, जुळाऱ्यासाठी, 'जोडून' असं लिहिलं. त्याने कंसासकट छापलं.

काही महिन्यांनी रोह्याच्या सभेत एका ठरावाला कोणीतरी विरोध केला. माझी पेन्सिल थांबली. तिथल्या कारकुनाने मात्र न अडखळता लिहून घेतलं, 'एक मत वगळता एकमताने.' सभा संपल्यावर मी त्याला विचारलं, हे कुठून आलं. तो म्हणाला, पेणला तशी पद्धत आहे.

पाण्याचा नवा ठराव अंमलात आला की नाही हे पाहण्यासाठी मी पेणच्या त्या सभेनंतरच्या सोमवारी पहाटे खाडीकडे गेलो होतो. पाणी पाच वाजून बारा मिनिटांनी आलं. रांगेत तेवीस बायका होत्या, ती सातवी. मुकादमाने तिला परत घेतलं होतं, म्हणून तिला घाई होती आणि ती पुढच्या हंड्यांवरून नळाकडे वाकून बघत होती. तिच्या मागची बाई, तीच ती हाक मारणारी, म्हणाली, 'मेंबरीण बाय, वाकून पानी लवकर येत नाय. सभेत बसतेस तशी गप उभी ऱ्हा गो.'

तिने मागे न बघता उत्तर दिलं. नळाच्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून इथे देत नाही.